सेंद्रिय हलाल मांस : त्याचा खर्च व त्यांतील नीति

मालाच्या किंमतींत जे निरनिराळे अंश असतात त्यांचा हिशेब गिऱ्हाईक सहसा करीत नाहीं, आणि शेतकरीही क्वचितच करतो. गुळाच्या ढेपेचा भाव तिच्या रंगावर ठरतो. तो रंग कशानें आला हें विचारणारा विरळा. मांसाच्या बाबतींत ही अडचण अधिकच आहे, कारण जनावर पाळणारा आणि मांस खाणारा यांच्यामध्यें दलाल, गाडीवाला, खाटिक व दुकानदार असे चार जण उभे असतात. युरोपांतील बाजारांत अलीकडे एकाच मांसावर दोन शब्द दिसूं लागले. एक ‘सेंद्रिय’ व दुसरा ‘हलाल’. पहिला शब्द जनावराच्या सबंध आयुष्याविषयीं बोलतो. दुसरा, सामान्य समजुतीप्रमाणें, त्याच्या अखेरच्या क्षणाविषयीं. हे दोन शब्द एकाच पुड्यावर नांदूं शकतात कीं नाहीं, हा वाद फ्रान्सांतून निघून लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत गेला व २६ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्याचा निकाल लागला. तो निकाल, त्यामागील विचार आणि असें मांस तयार करण्यास येणारा खर्च यांची माहिती आपल्याकडील शेळ्यामेंढ्या पाळणारांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों. धर्मशास्त्राचा निर्णय करणें हें आमचें काम नव्हे. त्या शास्त्राचा शेतकीशीं जेथें संबंध येतो तेवढाच भाग येथें घेतला आहे.

हलाल आणि तय्यिब

हलाल म्हणजे ज्यास शास्त्राची मोकळीक आहे तें. मांसाच्या बाबतींत त्याचीं मुख्य कलमें अशीं : जनावर खाण्यास योग्य जातीचें असावें; सुरी फिरवितांना तें जिवंत असावें; कापणारानें ईश्वराचें नांव घ्यावें; तीक्ष्ण सुरीनें श्वासनलिका, अन्ननलिका व मानेच्या दोन्हीं बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या तोडाव्या आणि रक्त वाहून जाऊं द्यावें. आपल्या खेड्यांना ही गोष्ट नवी नाहीं. जुन्या गांवगाड्यांत मुलाण्याला स्थान होतें, आणि जत्रेच्या किंवा नवसाच्या बकऱ्यावर सुरी फिरविण्याचें काम त्याचें असे. कित्येक मराठा व इतर हिंदु घरांतही मुलाण्याच्या सुरीवांचून बकरें शिजत नसे. तेव्हां हलाल हा शब्द ऐकून हा कोठला परका विषय असें ज्यांस वाटेल, त्यांनीं आपल्या गांवच्या म्हाताऱ्या माणसांस विचारून पाहावें.

परंतु कलमांची यादी एवढ्यावर संपत नाहीं. जनावर मारावयाचेंच तर तेंही नीट रीतीनें मारावें, सुरीला आधींच चांगली धार द्यावी व जनावराचा त्रास कमी करावा, असा पैगंबरांचा उपदेश परंपरेनें सांगितला जातो. जनावरासमोर सुरीला धार लावूं नये, एकादेखत दुसरें कापूं नये, हेंही त्यांतच येतें. आपल्या सरकारच्या २००१ सालच्या कत्तलखान्यांविषयींच्या नियमांतही, एका जनावरादेखत दुसरें मारूं नये असें स्पष्ट कलम आहे. ज्यांनीं गर्दीच्या दिवशीं एखादा लहान कत्तलखाना पाहिला असेल, त्यांना हे दोन्हीं नियम किती पाळले जातात हें सांगावयास नको.

याहून शेतकऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा दुसरा शब्द आहे. कुराणांत अन्नाविषयीं बोलतांना ‘हलाल’ बरोबर ‘तय्यिब’ हा शब्द येतो. शुद्ध, चांगलें, हितकर असा त्याचा अर्थ. शिवाय घाण खाऊन वाढलेल्या जनावरासाठीं ‘जल्लाला’ असें निराळें नांवच शास्त्रकारांनीं दिलें आहे. असें जनावर लगेच कापूं नये. तें बांधून ठेवून कांहीं दिवस स्वच्छ खुराक द्यावा, मग कापावें असा नियम आहे. कोंबडीला तीन दिवस आणि मोठ्या जनावरांना त्याहून पुष्कळ अधिक, अशी मुदत सांगतात. खुराकावरून मांसाची योग्यता ठरवावयाची व चांगल्या खुराकाचा ठराविक काळ गेल्यावांचून तें योग्य मानावयाचें नाहीं, हें तत्त्व आजच्या सेंद्रिय कायद्यांतही आहे. दोहोंतील घाण एकच नव्हे. एकांत उकिरडा आहे, दुसऱ्यांत कारखान्यांतील औषधें व खतें आहेत. पण विचाराची दिशा एक आहे.

ही दिशा युरोपांतील गिऱ्हाइकांना पुन्हां आठवली ती एका रोगामुळें. ब्रिटनमध्यें १९८६ सालीं गाईंच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांचें मांस व हाडें यांचें पीठ गाईंना चारल्यामुळें तो फैलावला. रवंथ करणाऱ्या जनावरांना असें पीठ घालण्यास तेथें १९८८ सालीं बंदी झाली, आणि मार्च १९९६ मध्यें या रोगाचा माणसांतील एका नव्या प्राणघातक रोगाशीं संबंध असण्याचा संभव सरकारनें कबूल केला. गवत खाणाऱ्या प्राण्यास मांस चारून वाढविलें आणि शेवटीं त्याच्यावर विधिपूर्वक सुरी फिरविली, तर तें मांस शुद्ध झालें काय? हा प्रश्न विचारणारे मुसलमान गृहस्थ इंग्लंडांत निघाले, आणि त्यांच्यांतील कांहीं जण स्वतः शेतीकडे वळले. ऑक्सफर्डजवळील विलोब्रुक नांवाचें शेत हें त्यांपैकीं सर्वांस ठाऊक झालेलें उदाहरण होय. तेथील माल ‘हलाल व तय्यिब’ या जोडनांवानें विकला जातो.

खर्च कोठें पडतो

सेंद्रिय हलाल मांस महाग असतें. इंग्लंडांत सेंद्रिय कोंबडी साध्या कोंबडीच्या दुपटी-तिपटीहून अधिक भावानें विकली जातांना दिसते. हा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतें कीं दुकानदार लुटतो. शेतकऱ्यास वाटतें कीं यांत मोठा नफा आहे. दोघांनीही पुढील हिशेब पाहावा.

युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें साधी मांसाची कोंबडी दर चौरस मीटरास ३३ किलो जिवंत वजनापर्यंत ठेवतां येते. विशेष अटी पाळल्यास त्याहूनही दाट ठेवतां येते. ती साधारणपणें ३५ ते ४२ दिवसांत विक्रीस तयार होते. सेंद्रिय कोंबडी कायम कोठींत ठेवली असल्यास २१ किलोंहून अधिक दाट ठेवतां येत नाहीं, आणि जात संथ वाढीची नसेल तर ८१ दिवस पुरे झाल्यावांचून ती कापतां येत नाहीं. आतां दोन तुकड्यांच्या मध्यें कोठी धुऊन मोकळी ठेवण्यास १२ दिवस लागतात असें समजूं. साधी तुकडी ४० दिवसांची धरली तर फेरा ५२ दिवसांचा, म्हणजे वर्षांत सात फेरे. सेंद्रिय फेरा ९३ दिवसांचा, म्हणजे वर्षांत चारांस थोडे कमी. एका चौरस मीटरांतून वर्षास पहिल्या पद्धतीनें सुमारें २३१ किलो जिवंत वजन निघतें, दुसरीनें सुमारें ८२ किलो. कोठीचें व्याज, दुरुस्ती, छप्पर आणि माणसाचा पगार हे खर्च जर सारखेच धरले, तर दर किलोवर त्यांचा बोजा पावणेतीन पटींहून अधिक पडतो. यांत अजून खुराकाचा एक दाणाही मोजलेला नाहीं.

शिवाय या कोंबड्यांस उघड्यावर फिरण्यास दर पक्ष्यामागें चार चौरस मीटर हिरवी जागा लागते. एका कप्प्यांत ४,८०० हून अधिक पक्षी ठेवतां येत नाहींत. तेवढ्यांना केवळ फिरण्यास पावणेपांच एकरांच्या आसपास रान सोडावें लागतें. तें रान पडीक नसून त्यावर दुसरें पीक नाहीं एवढेंच. पण खंड तर भरावाच लागतो.

खुराकाचा बोजा दुहेरी आहे. एकतर ८१ दिवस जगणारा पक्षी ४० दिवसांच्या पक्ष्यापेक्षां दर किलो वजनामागें अधिक दाणे खातो, कारण वाढीखेरीज नुसतें जगण्याला लागणारें अन्न दुप्पट दिवस द्यावें लागतें. दुसरें, तो दाणा सेंद्रिय असावा लागतो आणि सेंद्रिय धान्याचें एकरी उत्पन्न सरासरीनें पांचवा ते चौथा हिस्सा कमी येतें, असें अनेक देशांतील प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर आढळलें आहे. यूरिया वापरावयाचा नसल्यानें नत्रासाठीं क्लोव्हरसारख्या द्विदल गवताचीं वर्षें फेरपालटींत घ्यावीं लागतात, आणि त्या वर्षीं त्या शेतांतून धान्य मुळींच येत नाहीं. ही गोष्ट एकरी उत्पन्नाच्या आंकड्यांत पुष्कळदां दिसत नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या वहींत दिसते.

मेंढ्या व गाई यांच्या बाबतींत फरक इतका तीव्र नाहीं. सेंद्रिय नियमांप्रमाणें त्यांच्या रोजच्या शुष्क आहारांत निदान ६० टक्के वैरण असावी लागते. आणि डोंगराळ कुरणांवर राहणारी मेंढी तसेंही गवतच खात असते. येथें खर्च येतो तो वेळेचा. वार्षिक पिकांची व कुरणाची जमीन सेंद्रिय ठरण्यास दोन वर्षें जावीं लागतात. त्या काळांत खर्च सेंद्रिय पद्धतीचा आणि भाव साध्या मालाचा, अशी स्थिति असते. बाहेरून आणलेल्या गोजातीच्या जनावरास बारा महिने, व तेही आयुष्याचा निदान तीनचतुर्थांश भाग, सेंद्रिय रीतीनें पाळावें लागतें. मेंढीबकरीस सहा महिने. रासायनिक औषध दिलें तर औषधाच्या डब्यावर मांस न विकण्याची जी मुदत छापलेली असते तिच्या दुप्पट थांबावें लागतें. लस टोंचण्यास मनाई नाहीं, आणि आजारी जनावरास औषध न देतां तळमळत ठेवणें हा तर नियमांचा भंग आहे. आपल्याकडे ‘सेंद्रिय म्हणजे औषधच नाहीं’ असा जो गैरसमज पसरला आहे, तो जितक्या लवकर जाईल तितकें बरें.

आतां हलालचा खर्च पाहूं. तो या सर्वांच्या मानानें थोडका आहे. कापणाऱ्या माणसाची मजुरी, हातानें कापल्यामुळें कामाची कमी गति, देखरेख करणाऱ्या संस्थेची फी, एवढाच तो असतो. खरी अडचण निराळीच आहे. सेंद्रिय जनावर ज्या कत्तलखान्यांत न्यावयाचें त्यालाही सेंद्रिय दाखला लागतो. तेथें तीं जनावरें इतरांपासून वेगळीं, बहुधा सकाळीं सर्वांत आधीं, धुतलेल्या हत्यारांनीं कापावीं लागतात. त्याच जागीं हलालचीही सोय हवी म्हटलें कीं, निवड फारच थोडी उरते. ब्रिटनमध्यें १९७० च्या दशकांत सुमारें अडीच हजार कत्तलखाने होते, ते २०१८ च्या सुमारास अडीचशेंच्या आसपास आले. लहान कत्तलखाना बंद पडला कीं वीस मेंढ्या घेऊन शंभर मैल जावें लागतें. त्या प्रवासांत मेंढीला जो त्रास होतो व तिचें वजन जें घटतें, तें कोणत्याच शिक्क्यांत लिहिलेलें नसतें.

एक गोष्ट मात्र हलाल बाजाराच्या बाजूनें सांगावयास हवी. पाकिस्तानी, बांगलादेशी व हिंदी मुसलमान कुटुंबांना हाडासकट लहान तुकडे केलेलें मांस लागतें, आणि वयस्क मेंढीच्या मांसाचा त्यांना कंटाळा नाहीं. उलट रश्शाला तेंच पसंत पडतें. इंग्रज गिऱ्हाईक फक्त कोकराची तंगडी व फासळ्या मागतें. त्यामुळें वेत थांबलेल्या मेंढीचें मोल वसूल होण्यास हेंच गिऱ्हाईक मोठा आधार आहे. २०२१ च्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्स मिळून मुसलमानांची वस्ती साडेसहा टक्के भरली. मेंढीच्या मांसाचा त्यांच्यातील खप मात्र त्या मानानें कितीतरी अधिक आहे.

शेवटचा अर्धा मिनिट

येथवर दोन शब्दांमध्यें भांडण नाहीं. भांडण होतें तें बेशुद्ध करण्यावरून. युरोपीय संघाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें जनावर कापण्यापूर्वीं बेशुद्ध केलें पाहिजे. धार्मिक विधीकरितां मात्र, कत्तलखान्यांतच कापावयाचें या अटीवर, त्यांतून सूट आहे. यहुदी लोकांचा ‘कोशर’ विधि बेशुद्ध करण्यास मुळींच मान्यता देत नाहीं. मुसलमानांत मतभेद आहे. बेशुद्ध करण्यानें जनावर मरत नसेल आणि न कापल्यास पुन्हां उठून उभें राहत असेल, तर हरकत नाहीं असें पुष्कळ अधिकारी मानतात. दुसरे त्यास तयार नाहींत, कारण मरण सुरीनें आलें कीं विजेनें याविषयीं त्यांस संशय राहतो. कोंबड्यांच्या बाबतींत हा संशय अगदींच निराधार नाहीं. विजेच्या पाण्यांतून जातांना कांहीं पक्षी दगावतात.

फ्रान्समध्यें गाईच्या खिम्याच्या टिकिया ‘हलाल’ आणि सरकारी ‘सेंद्रिय’ अशा दोन्हीं शिक्क्यांनीं विकल्या जात होत्या, आणि तीं जनावरें बेशुद्ध न करतां कापलेलीं होतीं. कत्तलखान्यांतील जनावरांकरितां झटणाऱ्या एका संस्थेनें सप्टेंबर २०१२ मध्यें कृषिमंत्र्यांकडे अर्ज केला कीं हा सेंद्रिय शिक्का काढावा. अर्ज नाकारला गेला. पुढें व्हर्सायच्या अपील न्यायालयानें २०१७ सालीं हा मुद्दा लक्झेंबर्गला पाठविला. तेथील न्यायालयाच्या महाधिवक्त्यानें सप्टेंबर २०१८ मध्यें असें मत दिलें कीं सेंद्रिय नियमांत बेशुद्ध करण्याविषयीं अक्षरही नाहीं, तेव्हां शिक्का नाकारतां येत नाहीं. न्यायालयानें तें मानलें नाहीं. नियमांत असें आहे कीं जनावराच्या सर्व आयुष्यांत, कापण्याच्या वेळींसुद्धां, त्याच्या यातना शक्य तितक्या कमी ठेवाव्या. बेशुद्ध करणें ही यातना कमी करण्याची सर्वांत परिणामकारक रीत आहे. धर्मस्वातंत्र्यासाठीं दिलेली सूट योग्यच आहे, परंतु सूट घेऊन कापलेल्या जनावरास सर्वोच्च दर्जाचा दाखला देतां येत नाहीं, असा निकालाचा सारांश आहे. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या सेंद्रिय नियमांतही यातनांविषयींचें तें कलम कायम आहे. निकालाचा अर्थ पुष्कळांनीं भलताच केला. हलाल मांसावर यांत बंदी नाहीं. बेशुद्ध करून कापलेलें हलाल मांस सेंद्रिय म्हणून विकण्यासही आडकाठी नाहीं. बेल्जममध्यें फ्लांडर्स व वालोनी या प्रांतांनीं २०१९ पासून बेशुद्ध न करतां कापण्यास जी मनाई केली, ती याहून निराळी व पुष्कळ कडक गोष्ट होय. तिलाही युरोपांतील न्यायालयांनीं २०२० व २०२४ सालीं मान्यता दिली.

यातनेविषयीं शास्त्र काय सांगतें हेंही पाहावें. ब्रिटनच्या शेतजनावर-कल्याण मंडळानें २००३ च्या अहवालांत नमूद केलें कीं गळा कापल्यापासून शुद्ध जाईपर्यंत मेंढीस ५ ते ७ सेकंद लागतात, व मोठ्या गोजातीच्या जनावरास २२ ते ४० सेकंद. हा फरक शरीररचनेमुळें पडतो. मेंढीच्या व शेळीच्या मेंदूस रक्त मुख्यतः गळ्याच्या पुढच्या रक्तवाहिन्यांतून मिळतें; त्या तुटल्या कीं पुरवठा थांबला. गाईम्हशींत मणक्यांच्या आंतून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही मेंदूस रक्त पोंचवितात आणि त्या सुरीस लागत नाहींत. न्यूझीलंडांतील मॅसी विद्यापीठानें २००९ सालीं वासरांवर प्रयोग करून, गळ्याच्या कापानें मेंदूंत वेदनेच्या खुणा उमटतात असें दाखविलें. तेव्हां धारदार सुरीचा काप जनावरास कळतच नाहीं, हें म्हणणें आतां पूर्वीइतक्या खात्रीनें करतां येणार नाहीं. उलट बेशुद्ध करण्याची क्रियाही नेहमीं बिनचूक होते असें नव्हे. विजेचा चिमटा चुकीच्या जागीं बसला, प्रवाह कमी पडला, तर जनावरास दोन दुःखें होतात.

व्यवहार आणि शास्त्र यांचा मेळ घालण्याचें उत्तम उदाहरण न्यूझीलंडचें आहे. हलाल मांस बाहेर धाडणाऱ्या मोठ्या देशांत त्याची गणना होते, आणि तेथें व्यापारासाठीं होणारी हलाल कत्तल जनावराच्या फक्त डोक्यांतून वीज नेऊन, परत शुद्धीवर येण्याजोगें बेशुद्ध करून केली जाते. हृदय चालू असतें, रक्त वाहून जातें, आणि घेणाऱ्या मुसलमान देशांनीं ती पद्धत मान्य केलेली आहे.

आमचें मत असें आहे. न्यायालयाचा निकाल शिक्क्यापुरता बरोबर वाटतो. शिक्का म्हणजे ‘यापेक्षां अधिक दया आम्हांस करतां आली नसती’ असें आपण होऊन दिलेलें वचन, आणि अधिक दयेची रीत हाताशीं असतां ती टाळून तें वचन देतां येत नाहीं. परंतु ४० दिवस हवा न लागलेला, स्वतःच्या वजनानें पाय वांकलेला पक्षी विजेनें बेशुद्ध करून खाणारांनीं, कुरणांत दोन वर्षें चरलेल्या मेंढीच्या शेवटच्या सात सेकंदांवर व्याख्यान द्यावें, हें आम्हांस शोभत नाहीं असें वाटतें. आयुष्यभराचे दिवस एका पारड्यांत आणि शेवटचा अर्धा मिनिट दुसऱ्यांत घालून पाहिलें, तर पहिलें पारडें जड आहे. हलालचा आग्रह धरणारांसही हेंच लागू आहे. केवळ काप पाहून दाम देणारा आणि त्या जनावरानें काय खाल्लें, कोठें उभें राहिलें, कितीजणांच्या गर्दींत आलें हें न विचारणारा मनुष्य आपल्याच शास्त्राचा अर्धा भाग सोडून देतो.

गरीब कुटुंबाला हा भाव परवडत नाहीं, हा आक्षेप खरा आहे व त्याला गोड उत्तर नाहीं. इंग्लंडांतील बांगलादेशी व पाकिस्तानी कुटुंबांत दारिद्र्य सरासरीहून अधिक आहे. तिप्पट भावाची कोंबडी त्यांच्या रोजच्या ताटांत येणार नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं रोज मांस ही गोष्टच नवी आहे. आपल्याकडील शेतकरी घरांत आखाड, जत्रा, पाहुणा आणि सण एवढ्याच वेळीं बकरें पडे. तें महाग होतें, पण वर्षाच्या खर्चांत जड जात नसे.

आपल्याकडील बोकड

महाराष्ट्रांत गाय पूर्वींपासून व बैल-वळू मार्च २०१५ पासून कापण्यास कायद्यानें मनाई आहे. तेव्हां वरील चाळीस सेकंदांचा प्रश्न येथें म्हशीपुरताच उरतो. १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याच्या २८ व्या कलमानें धार्मिक रीतीनें कापण्यास मोकळीक ठेवली आहे. आपल्या शेतकऱ्याचा खरा संबंध शेळीबोकडाशीं येतो. धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील उस्मानाबादी शेळी काटक आहे, बहुधा जुळीं देते आणि चरून वाढते. बकरी ईदेच्या आधीं मुंबईस देवनारच्या बाजारांत अशा बोकडांचा मोठा व्यापार होतो. कुर्बानीच्या बोकडास वर्ष पुरें झालेलें असावें लागतें, म्हणून गिऱ्हाईक तोंड उघडून दोन दांत पाहतें. जनावर लंगडें, आंधळें, रोगट किंवा अगदीं हडकुळें चालत नाहीं. सुदृढपणाला दाम देणारा हा बाजार आहे, आणि चांगल्या पाळणाराला तो अनुकूल आहे.

आपला बोकड रानांत चरतो म्हणून तो आपोआप सेंद्रिय झाला, असें मात्र समजूं नये. कपाशीवर व सोयाबीनवर ज्या आठवड्यांत फवारणी होते, त्याच आठवड्यांत बांधावरचें गवत शेळ्या खातात. ईदेच्या आधीं वजन वाढविण्यास बाजारांतील खाद्य देतात, त्यांत काय आहे हें पोत्यावर लिहिलेलें पुष्कळदां कोणी वाचीत नाहीं. जंताचें औषध पाजून चार दिवसांत बोकड विकणारेही आहेत. ज्यास वाढीव भाव घ्यावयाचा आहे त्यानें प्रथम चरावयाचें रान ठरवावें. बांधाला शेवरी, सुबाभूळ, हादगा लावून निदान फवारणीच्या दिवसांत शेळ्या बांधून चारतां येतील अशी तजवीज करावी. तुरीचें भूस व भुईमुगाचा पाला आपल्याच वावरांतला साठवावा. खर्चाच्या वहींत राखोळ्याची मजुरी, मरतूक आणि गाडींतील वजनाची घट हीं तीन सदरें अवश्य असावीं. बहुतेक जण हींच सोडतात व मग नफा कोठें गेला असें विचारतात.

तूर्त प्रमाणपत्राच्या फीच्या मागें एकट्यानें लागण्यापेक्षां दहा-पंधरा पाळणारांनीं मिळून एक नोंदवही ठेवावी हें अधिक फायद्याचें होईल. कानाच्या बिल्ल्याचा आंकडा, जन्मतारीख, आईचा आंकडा, दिलेली लस, दिलेलें औषध व त्याची तारीख, आणि बाहेरून घेतलेला खुराक, एवढें तींत असलें तरी पुरे. देवनारचा बाजार गर्दीचा असल्यानें ती वही तेथें कोणी पाहणार नाहीं. परंतु पुणें-मुंबईकडील ओळखीच्या घरांना परस्पर बोकड देणाऱ्यास ती दाखवितां येते, व भाव तिच्यावर ठरवितां येतो. जनावर उभें नेण्याऐवजीं जवळच्या परवानाधारक कत्तलखान्यांत कापून मांस थंड पेटींतून पाठवितां आलें, तर गाडींतील हाल व घट दोन्हीं वांचतात. मात्र तेथें नेमलेल्या मुलाण्याशीं व डॉक्टराशीं आधीं बोलून दिवस ठरवून घ्यावा, आणि आपलीं जनावरें सकाळीं सर्वांआधीं घेण्याचें कबूल करून घ्यावें. ईदेच्या बोकडास पुरें वर्ष लागत असल्यामुळें, पुढल्या सालच्या बोकडांची नोंद तीं करडें आईच्या पोटांत असतांनाच, आईच्या चाऱ्यापासून, सुरू करावी लागेल.